अक्षरं मोजून इंग्रजी शब्द: स्क्रॅबल नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

स्क्रॅबल म्हणजे अक्षरांच्या छोट्या चौकोनी सोंगट्यांनी (टाइल्सनी) बोर्डावर आडवे-उभे शब्द जुळवून गुण मिळवायचा खेळ. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स २०१५ साली बेल्जियममध्ये फ्रेंच स्क्रॅबलचा जगज्जेता झाला, तेव्हा त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. त्यानं फ्रेंच स्क्रॅबलची शब्दयादी डोळ्यांसमोर ठेवली आणि काही आठवड्यांत पाठ केली. २०२४ मध्ये स्पेनमधल्या ग्रॅनाडा शहरात त्यानं स्पॅनिश स्क्रॅबलचं विश्वविजेतेपदही जिंकलं. त्याच्या आधी, २००३ आणि २००९ साली, इंग्रजी स्क्रॅबलचे जगज्जेते थायलंडचे होते, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या देशाचे.

मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना आणि मोठ्यांना हे मी नेहमी सांगतो, कारण स्क्रॅबलचा डबा उघडला की त्यांतले बरेच जण ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ म्हणून मागे सरतात. इंग्रजी बोलता येणं आणि स्क्रॅबलचे शब्द माहीत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रॅबलला अर्थ, उच्चार, व्याकरण यातलं काहीही लागत नाही. या अक्षरांचा, इतक्या लांबीचा शब्द यादीत आहे का, एवढाच प्रश्न असतो. याद्या पाठ करण्यात तर आपण लहानपणापासून तरबेज आहोत. पावकी-निमकी पाठ केलेल्या आजोबांची नातवंडं आहोत आपण.

पुढे शब्द अक्षरं सुटी करून दिले आहेत, उदाहरणार्थ क्यू-आय. वाचताना शेजारी वही ठेवा आणि प्रत्येक शब्द मोठ्या रोमन अक्षरांत उतरवून घ्या. उतरवताना निम्मं पाठांतर होऊन जातं.

आधी पिशवी ओळखा

स्क्रॅबलच्या पिशवीत १०० टाइल्स असतात. त्यांतल्या ९८ वर अक्षरं आणि दोन कोऱ्या, म्हणजे ब्लँक. ब्लँकला तुम्ही म्हणाल ते अक्षर मानतात, पण त्याचे गुण शून्य. सर्वांत जास्त टाइल्स ई-च्या, १२. ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८. एन, आर, टी प्रत्येकी ६. एल, एस, डी, यू प्रत्येकी ४. जी ३. के, जे, एक्स, क्यू आणि झेड प्रत्येकी एकच. बाकीची सगळी दोन-दोन.

न्यूयॉर्कचा वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यानं १९३० च्या दशकात हा खेळ रचताना वर्तमानपत्रांच्या पानांवर कोणतं अक्षर किती वेळा येतं ते मोजलं आणि त्यावरून टाइल्सची संख्या व गुण ठरवले. एस मात्र त्यानं मुद्दाम चारच ठेवले, कारण नाहीतर प्रत्येकानं शब्दाच्या शेवटी एस लावून अनेकवचनं केली असती. ‘स्क्रॅबल’ हे नाव मिळालं १९४८ मध्ये, जेम्स ब्रुनोनं हा खेळ बाजारात आणला तेव्हा.

गुण असे: स्वर आणि एल, एन, आर, एस, टी यांना १. डी आणि जी २. बी, सी, एम, पी ३. एफ, एच, व्ही, डब्ल्यू, वाय ४. के ५. जे आणि एक्स ८. क्यू आणि झेड १०.

यातून लगेच एक उपयोगाची गोष्ट कळते. झेड एकच आहे, त्यामुळे पिझ्झा किंवा जॅझ हे शब्द ब्लँक हातात असल्याशिवाय होऊच शकत नाहीत. नवशिके अशा शब्दांची वाट बघत पाच-पाच खेळ्या घालवतात. क्विझ मात्र सरळ होतो आणि बोर्डावरच्या गुण वाढवणाऱ्या रंगीत घरांशिवायच त्याचे २२ गुण होतात.

यादी कोणती?

कोणते शब्द चालतात हे ठरवणाऱ्या याद्या असतात. अमेरिका आणि कॅनडामध्ये एक यादी चालते, भारतासह बहुतेक जगात कॉलिन्स या शब्दकोश-प्रकाशकाची. कॉलिन्सच्या यादीत पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत. हा आकडा बघून घाबरू नका. दोन-तीन अक्षरी शब्द आणि सात अक्षरी शब्दांचे काही गठ्ठे इतक्यावर घरचा खेळ कितीतरी सुधारतो. फक्त सुरुवातीलाच एक यादी ठरवा आणि तिलाच धरून राहा. मोबाइलवरचे काही खेळ अमेरिकन यादी वापरतात, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन कॉलिन्स निवडा. दोन याद्या डोक्यात मिसळल्या की पुढे सोडवणं फार त्रासाचं होतं. या लेखातले शब्द कॉलिन्सप्रमाणे आहेत.

दोन अक्षरी शब्द: इथे घाई करू नका

कॉलिन्समध्ये दोन अक्षरी शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत. माझ्या मते संपूर्ण स्क्रॅबलमध्ये मेहनतीचा सर्वांत जास्त मोबदला हे शब्द देतात. कारण त्यांच्यामुळे तुमचा शब्द दुसऱ्या शब्दाला चिकटून, समांतर मांडता येतो.

समजा बोर्डावर आडवा शब्द आहे एच-ओ-एम-ई. त्यातल्या एम आणि ई यांच्या बरोबर खाली तुम्ही ए-एक्स मांडलं. आता आडवा शब्द झाला ए-एक्स, ९ गुण. उभे दोन शब्द आपोआप झाले: एम-ए, ४ गुण, आणि ई-एक्स, ९ गुण. दोन टाइल्समध्ये २२ गुण. एक्स जर तिप्पट अक्षराच्या घरावर पडला, तर त्याचे २४ दोन्ही दिशांनी मोजले जातात आणि त्याच खेळीचे ५४ होतात. वहीत चौकटी आखून हे उदाहरण एकदा करून बघा. हे समजलं की स्क्रॅबल वेगळाच खेळ वाटायला लागतो.

आता पाठांतर. अकारविल्हे पाठ करू नका, गटांनी करा.

पहिला गट सरगमचा. पाश्चात्त्य स्वरांची नावं सगळी चालतात: डी-ओ, आर-ई, एम-आय, एफ-ए, एस-ओ, एल-ए, टी-आय. जुना स्वर यू-टी हाही.

दुसरा गट गणिताच्या तासाचा. ग्रीक अक्षरं म्यू, न्यू, पाय, क्साय: एम-यू, एन-यू, पी-आय, एक्स-आय.

तिसरा गट इंग्रजी अक्षरांच्याच नावांचा. ई-एफ, ई-एल, ई-एम, ई-एन, ई-एस, ई-एक्स, ए-आर.

चौथा तोंडातून निघणाऱ्या आवाजांचा: ए-एच, ई-एच, ओ-एच, यू-एच, एच-ए, एच-एम, एम-एम, एस-एच, यू-एम, ओ-डब्ल्यू, ओ-आय, ई-डब्ल्यू. यातले एच-एम, एम-एम आणि एस-एच यांत एकही स्वर नाही. हातात नुसती व्यंजनं आली की हे तीन शब्द फार मदतीला येतात.

पाचवा गट दोन स्वरांचा, उलट अडचणीसाठी: ए-ए म्हणजे खडबडीत लाव्हा, ए-आय हा तीन बोटांचा स्लॉथ प्राणी, ओ-ई म्हणजे वावटळ. यांशिवाय ए-ई, ई-ए, आय-ओ, ओ-ओ, ओ-यू, ई-ई.

सहावा, महागड्या अक्षरांचा. क्यूचा एकच: क्यू-आय, चिनी विचारातली प्राणशक्ती. झेडचे तीन: झेड-ए, झेड-ई, झेड-ओ. जे-चे दोन: जे-ए, जे-ओ. एक्सचे पाच: ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू.

ओ-एम, म्हणजे आपला ओम, तोही चालतो. उरलेले बहुतेक शाळेत शिकलेलेच असतात: ए-टी, बी-ई, जी-ओ, आय-एन, एम-वाय, यू-पी वगैरे.

एक जागा विशेष लक्षात ठेवा. व्ही हे अक्षर असलेला एकही दोन अक्षरी शब्द नाही, आणि सी-चा एकच आहे, सी-एच. म्हणजे बोर्डावरच्या व्ही-शेजारी समांतर शब्द टाकता येत नाही. याचा बचावासाठी उपयोग होतो: समोरच्याची एखादी चांगली जागा बंद करायची असेल, तर व्ही किंवा सी असलेला शब्द तिथे टाका.

लघुरूपं आणि विशेषनामं चालत नाहीत, पण यादीत शब्द म्हणून घेतलेलं लघुरूप चालतं. टी-व्ही नाही, आय-डी आणि ओ-के मात्र आहेत. अशा ठिकाणी तर्क चालवू नका, यादीच प्रमाण.

तीन अक्षरी शब्द आणि हुक

हे सुमारे तेराशे आहेत. सगळे एकदम पाठ करायचा प्रयत्न बहुतेक जण अर्ध्यावर सोडतात. सोपी वाट अशी: पाठ झालेला दोन अक्षरी शब्द घ्या आणि त्याच्या पुढे किंवा मागे कोणतं अक्षर लागतं ते लिहा. याला हुक म्हणतात. ए-टी घेतला तर पुढे बी, सी, एफ, एच, एम, पी, आर, एस अशी कितीतरी अक्षरं लागतात. मागे ई लावला की ए-टी-ई. वहीच्या मध्ये शब्द, डावीकडे पुढचे हुक, उजवीकडे मागचे. स्पर्धक वापरतात त्या छापील याद्याही बहुधा अशाच मांडलेल्या असतात.

हुक लांब शब्दांनाही असतात आणि खेळाची खरी मजा तिथे आहे. एच-ए-टी या शब्दाला पुढून सी, टी, डब्ल्यू लागतात हे कोणीही सांगेल. जी-सुद्धा लागतो: जी-एच-ए-टी, आपला घाट. आय-सी-ई ला पुढून डी, एल, एम, एन, आर, व्ही लागतात. ई-ए-आर-एन ला एल आणि वाय. एखादा शब्द टाकताना त्याचे हुक माहीत असतील, तर समोरच्याला कोणती दारं उघडून देतोय हेही कळतं.

क्यू आणि यू-ची ताटातूट

क्यू हातात आला आणि यू नाही, म्हणून नवशिके क्यू शेवटपर्यंत धरून बसतात. शेवटी तो हातात उरला की १० गुण कापले जातात. यू नसलेले क्यूचे शब्द म्हणूनच वेगळ्या पानावर लिहा. क्यू-आय झालाच. तीन अक्षरी क्यू-ए-टी. चार अक्षरी क्यू-ए-डी-आय (काझी), क्यू-ओ-पी-एच. पाच अक्षरींत आपल्या कानाला ओळखीचे बरेच आहेत: फकीर एफ-ए-क्यू-आय-आर, नकाब एन-आय-क्यू-ए-बी, तलाक टी-ए-एल-ए-क्यू. आणि सात अक्षरी कव्वाली: क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय. ती एकदा बोर्डावर उतरली की ते वर्षभर सांगत फिरावंसं वाटतं.

स्वर साचले किंवा व्यंजनं साचली तर

पिशवीत ४२ स्वर आहेत, म्हणून हातातल्या सात टाइल्सपैकी पाच स्वर येण्याची वेळ वारंवार येते. त्यासाठी चार आणि पाच अक्षरी स्वरबहुल शब्द ठेवा: ए-आर-ई-ए, आय-डी-ई-ए, ए-क्यू-यू-ए, यू-आर-ई-ए (युरिया), ओ-बी-ओ-ई, आय-ओ-टी-ए, ए-यू-डी-आय-ओ (ऑडिओ), ए-डी-आय-ई-यू, ई-ई-आर-आय-ई. उलट बाजूला स्वर नसलेले: बी-आर-आर, एन-टी-एच, पी-एस-एस-टी, सी-डब्ल्यू-एम. वाय असेल तर एन-वाय-एम-पी-एच, आर-एच-वाय-टी-एच-एम.

आपल्या ओळखीचे शब्द

या यादीत भारतीय भाषांतून आलेले शब्द भरपूर आहेत, आणि आपल्याकडच्या नवशिक्यांनी ते सर्वांत आधी हाताशी घ्यावेत असं मला मनापासून वाटतं. लाख (एल-ए-के-एच), कोटीसाठीचा क्रोर (सी-आर-ओ-आर-ई), पैसा, आणा (ए-एन-एन-ए), तूप म्हणजे जी-एच-ई-ई, इडली, रायता, धोतर म्हणजे डी-एच-ओ-टी-आय, धोबी, ढोल (डी-एच-ओ-एल), तबला, सतार (एस-आय-टी-ए-आर), टांगा, लाठी, बंद (बी-ए-एन-डी-एच), धरणं (डी-एच-ए-आर-एन-ए), घेराव (जी-एच-ई-आर-ए-ओ), तालुका, पंचायत.

या शब्दांची खुबी अशी की रोमन लिपीत ते एकापेक्षा जास्त प्रकारे लिहिले गेले आणि यादीनं अनेकदा दोन्ही रूपं घेतली. त्यामुळे जागेच्या मापानं लांबी निवडता येते. राणी चार अक्षरांत आर-ए-एन-आय, पाचांत आर-ए-एन-ई-ई. राजा चारांत, नाहीतर शेवटी एच लावून पाचांत. साडी एस-ए-आर-आय किंवा एस-ए-आर-ई-ई. पुरी यू-नं चार, दोन ओ-नं पाच. डाळ डी-ए-एल किंवा डी-एच-ए-एल. जिल्हा झेड-आय-एल-ए, झेड-आय-एल-एल-ए, आणि शेवटी एच लावून सहा अक्षरीही. हातात झेड, समोर नेमकी चार घरं मोकळी आणि जिल्हा बसतो, हा आनंद घेऊन बघा.

पण सावध राहा. घरात रोज वापरतो म्हणून एखादा मराठी शब्द यादीत असेलच असं नाही. स्पेलिंगही आपल्या मनाचं चालत नाही.

सात अक्षरी शब्द

सातही टाइल्स एका खेळीत वापरल्या की ५० गुण जादा मिळतात. याला बिंगो म्हणतात. चांगले खेळाडू बहुतेक प्रत्येक डावात एखादा तरी बिंगो करतात. ते नशीब नसतं, तयारी असते.

तयारीचा पाया म्हणजे सहा अक्षरांची बीजं. माझं आवडतं बीज रेटिना: आर-ई-टी-आय-एन-ए. ही सहाही अक्षरं पिशवीत मुबलक आहेत. त्यात सातवं कोणतंही अक्षर घाला आणि काय होतं बघा. पी आला तर पेंटर, म्हणजे पी-ए-आय-एन-टी-ई-आर. जी आला तर ग्रॅनाइट. टी आला तर नायट्रेट. के आला तर केसांच्या जाहिरातीतलं केरॅटिन. एच आला तर हेअरनेट. आणखी एक ई आला तर ट्रेनी. डी आला तर ट्रेन्ड, टी-आर-ए-आय-एन-ई-डी. सी आला तर सर्टन. एम आला तर मिनारेट. एल आला तर रिलायंट आणि लॅट्रिन, दोन्ही. एस आला तर अर्धा डझनाहून जास्त शब्द होतात, त्यांतला लक्षात राहणारा नॅस्टियर. यातले बरेच शब्द मराठी वाचकाला रोजच्या व्यवहारातून माहीत आहेत. फक्त ते रेटिनात दडलेले आहेत हे माहीत नसतं.

रेटिना पक्कं झालं की सटायर (एस-ए-टी-आय-आर-ई) आणि टिझान (टी-आय-एस-ए-एन-ई) ही बीजं घ्या. तीन बीजं नीट आली की पहिले काही महिने पुरेसं काम आहे.

पाठ करताना अक्षरं वर्णानुक्रमानं लावायची सवय लावा. पेंटरची अक्षरं क्रमानं लावली तर ए-ई-आय-एन-पी-आर-टी. याला अल्फाग्राम म्हणतात. कागदाच्या एका बाजूला अल्फाग्राम, मागे त्यातून होणारे सगळे शब्द: पेंटर, पर्टेन, रीपेंट. सरावाला बसलात की पुढची बाजू बघून मागचे शब्द सांगायचे. खेळताना हातातल्या टाइल्सही याच क्रमानं लावल्या की ओळखीचा अल्फाग्राम डोळ्यांत भरतो.

शेवटी आय-एन-जी लागणारे शब्द सगळ्यांना आवडतात, पण त्यासाठी तीन टाइल्स अडकवून ठेवणं मला पटत नाही. हातात बदलायला चारच टाइल्स उरतात आणि गुण घसरत राहतात. एक-दोन खेळ्यांत जमलं नाही तर सोडून द्या.

पाठांतराची पद्धत

सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकारानं सांगितलेली खोक्यांची पद्धत इथे फार छान चालते. पाच खोकी किंवा पाच पाकिटं घ्या. नवं कार्ड पहिल्यात. बरोबर आलं तर पुढच्या खोक्यात, चुकलं तर परत पहिल्यात. पहिलं खोकं रोज, दुसरं एक दिवसाआड, पुढची आणखी अंतरानं. त्यामुळे येणाऱ्या शब्दांवर वेळ जात नाही आणि विसरले जाणारे पुन्हा पुन्हा समोर येतात. संगणकावर करायचं असेल तर झिझिवा नावाचं सॉफ्टवेअर आहे. त्यात लांबी, अक्षरं, हुक यांवरून शब्द शोधता येतात आणि हीच खोक्यांची पद्धत कार्डबॉक्स या नावानं आहे. लहान मुलांना मात्र हातानं केलेली कार्डंच द्यावीत. त्यांना ती मांडायला, मोजायला आवडतं.

खेळताना

दर खेळीला दोन प्रश्न विचारा: किती गुण मिळाले आणि हातात काय उरलं? दोन-तीन गुण कमी घेऊन चांगली अक्षरं मागे राहत असतील तर ते घ्यावं. एकसारख्या टाइल्स आधी काढा. दोन आय किंवा दोन यू धरून ठेवू नका. एस सहज खर्च करू नका, त्यामुळे किमान आठ-दहा गुण जास्त मिळत असतील तरच टाका. ब्लँक बिंगोसाठी राखा. हात फारच वाईट असेल तर टाइल्स बदला. त्यात एक खेळी जाते आणि पिशवीत निदान सात टाइल्स असाव्या लागतात.

समोरच्याचा शब्द खोटा वाटला तर चॅलेंज करता येतं. शब्द यादीत नसेल तर त्याला तो उचलावा लागतो आणि खेळी जाते. शब्द खरा निघाला तर चॅलेंज करणाऱ्याला दंड असतो. अमेरिकेत त्याची खेळी जाते, इतरत्र बहुधा काही गुण. स्पर्धेला गेलात तर हा नियम सुरुवातीलाच विचारून घ्या. तिथे बुद्धिबळासारखं घड्याळ असतं, प्रत्येकाला २५ मिनिटं, आणि त्यापुढच्या दर मिनिटाला १० गुण कापतात. म्हणून घरी खेळतानाही कधी कधी घड्याळ लावा.

जोडीदार नसेल तर वूगल्स या संकेतस्थळावर फुकट खेळता येतं, माणसाशीही आणि संगणकाशीही. डाव संपला की लगेच दुसरा सुरू करू नका. आधी तोच डाव पुन्हा बघा: कोणत्या खेळीला हातात कोणता शब्द होता आणि तो सुटला? तो शब्द त्याच्या अल्फाग्रामसकट नव्या कार्डावर लिहा आणि पहिल्या खोक्यात टाका.